दारावरचा आकडा

उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ साली बंगालवर चालून आल्या, तेव्हा धास्तावलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, खणून झाले तीनेक मैल, आणि मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे १७९९ मध्ये त्या खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढण्यात आला. ज्या खड्ड्याने घोडदळ अडवायचे होते, त्याच्यावरून आज मोटारींची रांग लागते. नाव तेवढे बागबाजारातल्या गल्लीला चिकटून राहिले.

या वस्तीत राहणाऱ्या मोटारीचे आयुष्य दोन टोकांचे असते. आठवडाभर ती रवींद्र सरणी आणि विधान सरणीवर ट्रामच्या रुळांवरून खडखडत, बस आणि हातगाड्यांतून वाट काढत जेमतेम वीस-पंचवीसच्या वेगाने सरकते. रविवारी तीच मोटार पाच माणसे आणि सामान घेऊन शामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकातून टाला पुलावर चढते, बी. टी. रोडने डनलपच्या चौकात येते, दक्षिणेश्वराजवळ निवेदिता सेतू ओलांडते आणि दुर्गापूर एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाला लागते. (हा पूल २००७ साली खुला झाला. ज्यांचे नाव त्याला दिले त्या भगिनी निवेदिता बागबाजारातल्याच बोसपाडा लेनमध्ये राहत.) टायर तेच चार, काम मात्र दोन तऱ्हांचे. त्यांत हवा किती असावी, हा प्रश्न बागबाजारात पडतो तसाच पुण्याच्या पेठांत आणि नागपूरच्या महालातही पडतो.

पंपावर हवा भरणारा मुलगा विचारतो, ‘किती टाकू?’ आणि बहुतेक जण ‘पस्तीस’ म्हणून मोकळे होतात. जरा चौकस माणूस वाकून टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचतो. तिथे कमाल दाब म्हणून ४४ किंवा ५१ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) लिहिलेले असते. हा आकडा भरायचा नसतो. तो त्या टायरची वरची मर्यादा सांगतो, आणि टायर कोणत्या गाडीला बसणार हे टायर बनवणाऱ्याला ठाऊक नसते. एकाच मापाचा टायर हलक्या हॅचबॅकला बसतो आणि तिच्याहून जड सेडानलाही बसतो. गाडीचे वजन किती, ते पुढच्या आणि मागच्या चाकांवर कसे पडते, वळणावर ती किती झुकते, हे जाणतो तो गाडी बनवणारा. म्हणून हवेचा आकडा तोच ठरवतो आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर, क्वचित पेट्रोलच्या झाकणामागे, चिकटवून देतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम मोटारींसाठी तो २९ ते ३६ पीएसआयच्या दरम्यान असतो. पुढच्या-मागच्या चाकांसाठी तो वेगळा असू शकतो, आणि गाडी माणसांनी भरल्यावर पुन्हा वेगळा.

गाडीचे वजन रबर पेलते असे आपल्याला वाटते. ते पेलते मुख्यतः कोंडलेली हवा. रबर आणि त्यातले दोरे फक्त तिला धरून ठेवतात. हिशेब सोपा आहे. माणसांसकट एक टन वजनाची मोटार घेतली तर एका चाकावर साधारण अडीचशे किलो येतात. तीस पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो. अडीचशेला २.१ ने भागले की ११९ चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे प्रत्येक टायर रस्त्याला जेवढ्या जागेवर टेकतो ती जागा डाकघरातल्या एका पोस्टकार्डापेक्षाही जराशी कमी भरते. शंभरच्या वेगाने धावणारे पूर्ण कुटुंब अशा चार तुकड्यांवर तोललेले असते. दाब निम्म्यावर आला तर तेच वजन पेलायला टायरला जवळपास दुप्पट जमीन धरावी लागते. मग टायर बसतो, त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. शंभरच्या वेगाला हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा घडते. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, आणि टायरचा खरा शत्रू ती उष्णता असते.

हवेवर चाक चालवण्याची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनची. त्याने १८४५ मध्ये पेटंटही घेतले, पण ती रुळली १८८८ नंतर, बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेच्या नळ्या बसवल्यावर. त्याच्या नावाच्या कंपनीने १९३६ साली हुगळीच्या काठी साहागंजला कारखाना उभारला. बागबाजारच्या घाटावरून नदीने वर जाताना आधी उत्तरपाडा लागते, तिथे हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर २०१४ पर्यंत तयार होत होती. आणखी वर साहागंज. देशाला मोटार आणि टायर पुरवणारे हे दोन्ही कारखाने आता बंद आहेत.

अँबॅसेडरच्या पिवळ्या टॅक्सींचा काळ सरत आला, तरी त्या काळातली एक सवय मागे उरली आहे. जुन्या पद्धतीच्या टायरमधले दोरे एकमेकांना तिरके छेदत जात, त्यामुळे त्याच्या बाजू कडक असत. तो दबलेला दिसला की हवा खरोखर उतरलेली असे, आणि अनुभवी ड्रायव्हर चाकाला बुटाची ठोकर मारून अंदाज बांधत. आजचे टायर रेडियल आहेत. त्यांच्या बाजू मुळातच लवचीक असतात, त्यामुळे पूर्ण हवा भरली तरी खाली थोडा फुगवटा दिसतो, आणि चौथा हिस्सा हवा गेली तरी जवळजवळ तसाच दिसतो. रेडियल टायर डोळ्यांनी तपासता येत नाही, ठोकरीने तर मुळीच नाही.

दारावरच्या आकड्याला एक अट असते, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तो गार टायरसाठी असतो. गार म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दीड किलोमीटर चाललेली असावी. बागबाजारातून निघून शामबाजारच्या आसपास हवा तपासली तर ठीक. डनलपच्या चौकापर्यंत पोहोचल्यावर टायर गार राहिलेला नसतो. सकाळी पंचवीस अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर, आतली हवा पंचावन्न अंशांपर्यंत तापल्यावर, ३७ ते ३८ दाखवतो. एक्सप्रेसवेवरच्या पंपावर हा आकडा पाहून ‘हवा जास्त झाली’ म्हणून चार-पाच पीएसआय सोडून देणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या टायरमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी २८-२९ उरतात, आणि कमी हवेचा प्रवास तिथून सुरू होतो. तापलेल्या टायरमधून हवा काढू नये. हा वाढलेला दाब गाडी बनवणाऱ्याने आणि टायर बनवणाऱ्याने दोघांनीही आधीच गृहीत धरलेला असतो.

ऋतूंचा हिशेबही याच नियमाने चालतो. तापमान दहा अंशांनी बदलले की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. कोलकात्यात जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत वीस-बावीस अंशांचे अंतर असते, म्हणजे तीन पीएसआयच्या वर. नागपूरचे प्रकरण याहून कठीण. मे महिन्यात ४४ अंशांच्या दुपारी ३३ भरून गाडी विसरली, तर डिसेंबरच्या दहा अंशांच्या पहाटे केवळ थंडीने पाच पीएसआय कमी दिसतील. शिवाय रबरातून हवा कायम झिरपत असते, महिन्याला साधारण एक पीएसआय. सात महिन्यांचे सात. दोन्ही मिळून बारा गेले. ३३ ची २१ झाली, आणि गाडीकडे पाहून कोणालाही संशय येणार नाही.

आता विदर्भात आणि मराठवाड्यात हमखास ऐकू येणारा सल्ला: उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल. सल्ला काळजीपोटी दिला जातो, त्यामागचा तर्कही वरवर पटतो. ऊन वाढले, हवा फुगली, टायर फाटला. पण आकडे घेऊन पाहिले की तो तग धरत नाही. सकाळी तीस अंशांना ३३ भरलेल्या टायरमधली हवा भर दुपारच्या महामार्गावर सत्तर अंशांपर्यंत तापली, तरी दाब ३९-४० च्या पलीकडे जात नाही. टायरवर छापलेली ४४ किंवा ५१ ची मर्यादासुद्धा गार अवस्थेतली असते, आणि धडधाकट टायर फुटायला तिच्या कितीतरी पट दाब लागतो. हवा कमी ठेवली की काय होते? टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि तापलेल्या रबराची टायरच्या आतल्या पोलादी पट्ट्यांवरची पकड सुटू लागते. ऊन ही उष्णता बाहेरून वाढवते, वेग आतून वाढवतो, वजन त्यात भर घालते. उन्हाळ्यात फुटलेल्या टायरमागे पुष्कळदा जास्त हवेऐवजी कमी हवा असते. म्हणजे हा सल्ला ज्या अपघाताला भितो, त्याचीच तयारी करून ठेवतो.

याचा सर्वांत महागडा धडा अमेरिकेने घेतला. फोर्ड कंपनीची ‘एक्सप्लोरर’ ही उंच गाडी १९९० च्या दशकात तिथे तुफान खपली. तिला फायरस्टोनचे टायर होते. गाडी उंच, त्यामुळे उलटण्याचा धोका. बसणाऱ्यांना गचके कमी लागावेत ही इच्छा. फोर्डने दारावर आकडा लिहिला २६ पीएसआय. त्या वजनाला कागदोपत्री तेवढी हवा पुरत होती. पण लोक हवा तपासत नाहीत. महिन्याला एक या गतीने २६ ची २० व्हायला सहा महिने पुरतात. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा तापत्या राज्यांत, भरलेल्या गाड्या लांबच्या रस्त्यावर वेगात असताना टायरचा वरचा थर सोलून निघू लागला आणि गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. तिथल्या सरकारी यंत्रणेने या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या २७० च्या वर धरली. फायरस्टोनने फोर्डच्या गाडीकडे आणि २६ च्या आकड्याकडे बोट दाखवले, फोर्डने टायरच्या घडणीकडे. टायरमध्ये दोष होताच. पण त्या दोषाला प्राणघातक करण्यात उष्णता आणि उतरलेली हवा यांचाही वाटा होता. दोन कंपन्यांचे जवळपास शंभर वर्षांचे नाते २००१ मध्ये तुटले. परत मागवताना फायरस्टोनने ३० पीएसआय भरण्याचा सल्ला दिला होता. एका गाडीच्या दारावरच्या चार पीएसआयवर एवढे रामायण झाले.

या प्रकरणातून दारावरच्या आकड्याबद्दल एक नेमकी गोष्ट शिकता येते. तो गार टायरचा किमान आकडा समजावा. त्याच्या खाली कधीही जाऊ नये; लांबच्या प्रवासाला, वेगाला, वजनाला दोन-तीन पीएसआय वर गेले तर बिघडत नाही. एक्सप्लोररच्या मालकांपैकी ज्यांनी दर महिन्याला २६ पूर्ण ठेवले असतील, ते निदान २० वर धावत नव्हते. सुरक्षिततेचा सगळा पल्ला त्या मधल्या सहा पीएसआयमध्ये असतो.

वर जायलाही मर्यादा आहे. मायलेज वाढते म्हणून चाळीस-चाळीस हवा भरून फिरणारे सगळीकडे आहेत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार दाब एक पीएसआयने उतरला की इंधन साधारण ०.२ टक्के जास्त जळते. म्हणजे पाच पीएसआयची कमतरता भरून काढली तर टक्काभर बचत. कमी हवा टाळायला हे कारण चांगले आहे, पण जास्त हवा भरून मिळणारा फायदा क्षुल्लक, आणि बागबाजारसारख्या वस्तीत त्याची किंमत मोठी. टणक टायर ट्रामच्या रुळाच्या कडेवर, उखडलेल्या पेव्हरवर, गटाराच्या झाकणावर आदळतो तेव्हा धक्का गिळत नाही; तो रिमपर्यंत आणि सस्पेन्शनपर्यंत जातो. रस्त्याला टेकणारी जागा कमी होते, मधली नक्षी आधी झिजते, ओल्या रुळांवर ब्रेक लांबतो. कमी हवेचा टायर उलट दोन्ही कडांना झिजतो आणि त्याच रुळावर आदळताना रिम आणि रूळ यांच्यामध्ये चिमटला जातो. आतले दोरे तुटतात आणि काही दिवसांनी बाजूला टेंगूळ येते. असे टेंगूळ दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो.

पावसाळ्यात हवेचा आणखी एक पैलू दिसतो. रस्त्यावर पाण्याचा थर असला आणि वेग वाढला, की टायर पाणी बाजूला सारू शकत नाही; तो पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर याचा अभ्यास केला आणि हा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो असे दाखवले. त्यांच्या सूत्राने ३० पीएसआयला हा वेग ताशी ९१ किलोमीटर निघतो, २० पीएसआयला ७५. मोटारीच्या टायरची नक्षी, तिची खोली, पाण्याची जाडी यांनी आकडा बदलतो. गोटा झालेला टायर याच्याही आधी तरंगेल, म्हणून तर आपल्या कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असे ठरवले आहे. पण दिशा पक्की आहे: हवा उतरली की पाण्यावरची पकड कमी वेगालाच सुटते. बागबाजार स्ट्रीटवर याने फरक पडणार नाही, तिथे तेवढा वेगच नसतो. आषाढातल्या दुर्गापूर एक्सप्रेसवेवर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो पडतो.

वजनाचा रकाना दारावरच्या कागदावर असतो, पण वाचला जात नाही. अनेक गाड्यांत दोन-तीन माणसांसाठी एक आकडा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी, विशेषतः मागच्या चाकांना, त्याहून मोठा आकडा दिलेला असतो. पूजेच्या सुट्टीत बागबाजारातून शांतिनिकेतनला किंवा दिघ्याला निघालेली, पाच माणसे आणि डिकीभर सामान असलेली गाडी दुसऱ्या रकान्यात मोडते. महाराष्ट्रात बाहेरून सीएनजी बसवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यांच्या डिकीत लोखंडी टाकीचे पन्नास-साठ किलो कायमचे बसलेले असतात, जणू एक सडपातळ प्रवासी कधी उतरतच नाही. कागद छापला तेव्हा ती टाकी हिशेबात नव्हती. अशा गाडीने मागची चाके भरलेल्या गाडीच्या आकड्यावर ठेवणेच योग्य.

नायट्रोजनची चर्चा गेली काही वर्षे जोरात आहे. नितीन गडकरी यांनी २०१९ मध्ये संसदेत तो टायरांसाठी सक्तीचा करण्याचा विचार बोलून दाखवला होता. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा हळू झिरपतो, हा त्याचा खरा फायदा. तापल्यावर त्याचा दाब कोरड्या हवेइतकाच वाढतो. नियमित तपासलेली साधी हवा, तपासायची राहून गेलेल्या नायट्रोजनपेक्षा केव्हाही बरी.

आता मुख्य अडचण: गार टायर घरी असतो आणि कॉम्प्रेसर पंपावर. यावर एक साधा उपाय आहे. स्वतःचे एक गेज घ्यावे, शक्यतो चांगल्या प्रतीचे, आणि महिन्यातून एकदा सकाळी गाडी हलवण्यापूर्वी चारही टायर मोजून प्रत्येकाची तूट लिहून ठेवावी. समजा दारावर ३३ आहे आणि डावे मागचे चाक २९ दाखवते, तूट चारची. पंपावर पोहोचेपर्यंत तेच चाक ३१ दाखवेल. तिथे ३३ वर थांबायचे नाही, ३१ मध्ये चार मिळवून ३५ भरायचे. पंपावरचे यंत्र एखाद-दोन पीएसआय चुकत असले तरी या पद्धतीत ती चूक आपोआप वगळली जाते, कारण आपण त्याचा अंतिम आकडा मानत नाही, फक्त त्याने घातलेली भर मोजतो. पंपांवर हवा मोफत देणे बंधनकारक आहे, तेव्हा संकोचाचे कारण नाही. एकच चाक दर महिन्याला इतरांपेक्षा जास्त उतरत असेल तर तिथे बारीक खिळा, सैल व्हॉल्व्ह किंवा गंजलेली रिम शोधावी. आणि व्हॉल्व्हच्या टोप्या हरवू देऊ नयेत. त्या धूळ आणि चिखल बाहेर ठेवतात.

नव्या गाड्यांत दाब उतरल्याचा दिवा असतो, त्यावर विसंबून तपासणी सोडणे धोक्याचे. अमेरिकेत एक्सप्लोरर प्रकरणानंतर हा दिवा सक्तीचा झाला, पण तिथल्या नियमाने तो लागतो ठरलेल्या आकड्यापेक्षा दाब २५ टक्के खाली गेल्यावर. ३३ ची जवळपास २५ होईपर्यंत तो गप्प राहू शकतो. काही गाड्यांत हा दिवा टायरमधला दाब थेट मोजत नाही. चाकांच्या फिरण्यातला फरक पाहून अंदाज करतो. चारही चाके सारखीच उतरली तर असा दिवा फसू शकतो, आणि झिरपण्याने चारही चाके जवळपास सारखीच उतरतात.

शेवटी स्टेपनी. भारतात २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दाबाचा दिवा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या गाड्यांना ती ठेवणे सक्तीचे राहिलेले नाही, तरी बहुतेक गाड्यांत ती अजून असते, आणि डिकीच्या तळाशी असल्यामुळे वर्षानुवर्षे कोणी तिला हात लावत नाही. पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर दारावरच्या कागदातला सर्वांत मोठा आकडा तिच्यात भरून ठेवावा, म्हणजे कोणत्याही चाकाच्या जागी आली तरी हवा काढून भागते. रात्री महामार्गाच्या कडेला हवा काढता येते, भरता येत नाही. बारीक चाकाची तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यात बहुधा ६० पीएसआय लागतात, तिच्या बाजूवर तसे छापलेले असते, आणि ती बसवल्यावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे न जाता जवळचे टायरचे दुकान गाठावे.